नाशिकची रेल्वे आणि एका स्पंदाची रुंदी

१/ पुण्याहून नाशिकला थेट जाणारा लोहमार्ग आजही नाही. रस्त्याने हे अंतर सुमारे २१० किलोमीटर. आगगाडीने जायचे तर मात्र कल्याणचा किंवा मनमाडचा वळसा पडतो. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशा थेट मार्गाची मागणी जुनी आहे. तो मार्ग अडण्याच्या कारणांपैकी एक कारण विलक्षण आहे : सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजली जाणारी एक विद्युत खूण आणि तिची रुंदी. या थ्रेडचा विषय तीच रुंदी.

२/ प्रारंभ मात्र नाण्यांपासून करावा लागेल. १९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे गोदावरीकाठी चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. नहपानाच्या पराभवाचा याहून बोलका पुरावा नाही.

३/ या नाण्यांवरील लेख वाचताना एक अडचण होती. साचा मोठा, नाण्याची चकती लहान. त्यामुळे राजाच्या मुखवट्याभोवतीची ग्रीक अक्षरे एका नाण्यावर क्वचितच पूर्ण उमटत. एकावर डावीकडची चार अक्षरे, दुसऱ्यावर उजवीकडची तीन, तिसऱ्यावर सारे झिजलेले. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांच्यासारख्या अभ्यासकांनी असंख्य नाणी शेजारी ठेवून पूर्ण लेख जुळवला.

४/ एक नाणे अपुरे बोलते, हजार नाणी मिळून स्पष्ट बोलतात. ही युक्ती ध्यानात असू द्यावी. जोगलटेंभीपासून दक्षिणेला, त्याच पुणे–नाशिक रस्त्यालगत, नारायणगावाजवळच्या खोडद येथे आज नेमके हेच काम चालते. तिथे नाण्यांऐवजी आकाशातून आलेले विद्युत स्पंद असतात, आणि अक्षरांऐवजी त्यांचा आकार वाचला जातो.

५/ खोडदच्या आधी कल्याण. डॉ. गोविंद स्वरूप यांनी १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथे काम केले होते. तिथल्या ३२ लहान तबकड्या, प्रत्येकी ६ फूट व्यासाच्या, पुढे भारताला भेट मिळाल्या. १९६३ मध्ये स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि १९६५ पर्यंत या तबकड्या कल्याणला उभ्या राहून सूर्याच्या रेडिओ लहरी टिपू लागल्या.

६/ योगायोग असा की, कल्याण ते जुन्नर हा सातवाहनांचा नाणेघाटाचा मार्ग. सोपाऱ्या-कल्याणला उतरलेला माल याच घाटाने वर चढून जुन्नरला आणि तेथून पुढे पैठणकडे जाई. भारतीय रेडिओ खगोलशास्त्राचा प्रवासही कल्याणला सुरू होऊन, उटीमार्गे, अखेर जुन्नर तालुक्यातच येऊन स्थिरावला.

७/ त्या काळी संकेत 'पकडणे' म्हणजे कागदावर शाई उमटवणे. अँटेनातून आलेला क्षीण विद्युतदाब वाढवायचा, त्यावर एक लेखणी हलवायची आणि तिच्याखालून कागदाची पट्टी सरकवत ठेवायची. स्पंदाची रुंदी मोजायची तर पट्टी घेऊन कागदावरचे अंतर मोजायचे आणि कागदाच्या वेगाने भागायचे. लेखणी जड, कागद संथ. वेगवान घटना त्या शाईत एकमेकींत मिसळून जात.

८/ १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीसमोर असाच कागद रोज सुमारे ९६ फूट येऊन पडत असे. ऑगस्टमधील नोंदींत तिला पाव इंचाएवढा एक विस्कटलेला भाग दिसला. तो ना ताऱ्यासारखा होता, ना मोटारींच्या ठिणग्यांसारखा. आकाशाच्या त्याच भागातून तो पुनःपुन्हा येत राहिला.

९/ त्या पाव इंचात काय दडले आहे हे पाहायचे तर कागद वेगाने सरकवणे भाग होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी वेगवान नोंदयंत्र लावताच त्या विस्कटीचे तुकडे पडले : समान अंतराने येणारे स्पंद, दर १.३३७ सेकंदांनी एक. पहिला पल्सार हाती आला होता. मराठीत त्याला स्पंदक तारा म्हणता येईल.

१०/ बेल आणि त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांच्यापुढे खरा प्रश्न होता : हे काय आहे? त्याचे उत्तर स्पंदांमधील अंतराइतकेच स्पंदाच्या रुंदीत होते. फेब्रुवारी १९६८ मधील त्यांच्या शोधनिबंधात स्पंदाचा मूळ कालावधी ०.०१६ सेकंद धरला आहे. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ०.०१६ सेकंदात ४,८०० किलोमीटर.

११/ यातील तर्क सरळ आहे. एखादी मोठी वस्तू एकाच क्षणी उजळली, तरी तिच्या जवळच्या कडेचा प्रकाश आधी पोहोचेल, दूरच्या कडेचा उशिरा. जितकी वस्तू मोठी, तितका स्पंद पसरट. स्पंद ०.०१६ सेकंदांचा असेल, तर त्याचा उगम ४,८०० किलोमीटरहून मोठा असू शकत नाही. सूर्याचा व्यास १४ लाख किलोमीटर. म्हणजे पृथ्वीहूनही लहान असे काहीतरी ताऱ्याच्या ताकदीने बोलत होते. पुढे ते न्यूट्रॉन तारे ठरले.

१२/ म्हणून रुंदी मोजणे ही केवळ तांत्रिक बाब नव्हे. ज्याला कोणतीही दुर्बीण थेट पाहू शकत नाही, त्याची लांबी-रुंदी सांगणारा तो गज आहे. आता प्रश्न असा की, संकेत कागदावर न उमटता संगणकात आकड्यांच्या रूपात आला, तर ही रुंदी मोजायची कशी?

१३/ संगणक संकेताची अखंड रेषा पाहत नाही. ठरावीक अंतराने तो विद्युतदाबाचे 'नमुने' घेतो आणि आकड्यांची माळ साठवतो. समजा, दर १ मिलिसेकंदाला एक नमुना घेतला. स्पंद नसताना आकडा २० च्या आसपास राहतो : ही तळरेषा. स्पंदाच्या शिखरावर तो १२० होतो. शिखर आणि तळ यांच्या मधोमध येते ७०. या अर्ध्या उंचीवर स्पंद किती रुंद आहे, ते मोजण्याचा प्रघात आहे.

१४/ चढताना ४१२ व्या नमुन्याला आकडा ६० आहे, ४१३ व्याला ८०. म्हणजे ७० ची रेषा दोहोंच्या बरोबर मध्ये ओलांडली गेली : ४१२.५. उतरताना ४३७ व्या नमुन्याला ८५, ४३८ व्याला ६५. इथे ७० ची रेषा तीन चतुर्थांश अंतरावर येते : ४३७.७५. वजाबाकी केली की रुंदी २५.२५ मिलिसेकंद. नमुने पूर्ण मिलिसेकंदांचे असले तरी उत्तर त्याहून बारीक मिळते, ते असे.

१५/ कागदावर हे सोपे दिसते, प्रत्यक्षात तसे नसते. पल्सारचा स्पंद गोंगाटात बुडालेला असतो. आकडा ७० च्या आसपास आला की गोंगाटामुळे तो वर-खाली होत ती रेषा चार-पाच वेळा ओलांडतो. भोळा प्रोग्राम पहिल्याच ओलांडणीला 'कड' समजतो आणि एका स्पंदाचे तीन करतो. म्हणून कुशल प्रोग्राम स्पंदाच्या अनेक नमुन्यांवर एक गुळगुळीत वक्र बसवतो आणि रुंदी त्या वक्राची मोजतो.

१६/ पण बहुतेक पल्सारांचा एकटा स्पंद दिसतच नाही. तिथे जोगलटेंभीची युक्ती उपयोगी पडते. नोंदींची माळ ताऱ्याच्या आवर्तनकाळाएवढ्या तुकड्यांत कापायची आणि सारे तुकडे एकावर एक ठेवून सरासरी काढायची. स्पंद दर वेळी त्याच जागी येतो, म्हणून टिकतो. गोंगाट कधी वर, कधी खाली, म्हणून विरतो. १०० तुकड्यांनी गोंगाट १० पट घटतो, १०,००० तुकड्यांनी १०० पट.

१७/ मात्र आवर्तनकाळ अचूक हवा. १.३३७ सेकंदांच्या ताऱ्याचा काळ केवळ ०.१ मिलिसेकंदाने चुकला, तर १,००० फेऱ्यांनंतर स्पंद १०० मिलिसेकंद सरकलेला असतो. साऱ्यांची सरासरी पसरट येते आणि अभ्यासक तिलाच ताऱ्याची रुंदी समजून बसतो. दोन वेगळ्या साच्यांची नाणी एकत्र करून एकच लेख वाचावा, तशी ही चूक.

१८/ नमुने किती वेगाने घ्यावेत, यावर तर शोधच अवलंबून असतात. १९८२ साली सेकंदात ६४२ वेळा फिरणारा पल्सार सापडला. आवर्तनकाळ अवघा १.५६ मिलिसेकंद. त्या काळातील सामान्य शोधमोहिमांत नमुने इतके सावकाश घेतले जात की, एका नमुन्यात या ताऱ्याच्या कित्येक फेऱ्या उरकून जात. आकाशात तो होताच. मोजमापाच्या जाळीतून तो निसटत होता.

१९/ डोनाल्ड बॅकर यांच्या नेतृत्वाखालील ज्या चमूने हा तारा पकडला, त्यात बर्कलीचा एक २६ वर्षांचा विद्यार्थी होता : श्रीनिवास कुलकर्णी. जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडचा. पुढे ते जगातील अग्रगण्य खगोलशास्त्रज्ञांत गणले गेले आणि २०२४ मध्ये त्यांना शॉ पारितोषिक मिळाले.

२०/ या सुमारास गोविंद स्वरूप एका मोठ्या दुर्बिणीची आखणी करत होते. १९७० मध्ये त्यांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली होती. आता त्यांना मीटरभर लांबीच्या लहरींसाठी जगातील सर्वांत सक्षम दुर्बीण हवी होती. रेडिओ गोंगाट कमी, भोवती डोंगरांचा आडोसा आणि पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटर : खोडदची जागा निश्चित झाली.

२१/ १९९० च्या दशकात तिथे ३० तबकड्या उभ्या राहिल्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ तबकड्या मध्यभागी सुमारे १ चौरस किलोमीटरात, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर. दोन टोकांमधले कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर. भक्कम पत्र्याऐवजी पोलादी तारांची विरळ जाळी ताणून बसवल्याने खर्च आवाक्यात राहिला. हीच 'जीएमआरटी'.

२२/ लांब लहरींची एक खोड आहे. ताऱ्यांमधील पोकळी पूर्ण रिकामी नाही, तिथे सुटे इलेक्ट्रॉन आहेत. त्यांतून येताना जास्त वारंवारतेची लहर आधी पोहोचते, कमी वारंवारतेची उशिरा. म्हणजे एकाच क्षणी निघालेला स्पंद पृथ्वीवर लांबलेला, सारवल्यासारखा येतो. जीएमआरटीच्या वारंवारतेला हा परिणाम फार तीव्र.

२३/ १९८२ च्या त्याच ताऱ्याचे उदाहरण घेऊ. ४०० मेगाहर्ट्झला, केवळ १ मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात त्याचा स्पंद सुमारे ९ मिलिसेकंद पसरतो. आवर्तनकाळ मात्र १.५६ मिलिसेकंद. एक स्पंद संपण्यापूर्वी पुढचे पाच येऊन त्यावर लोळतात. अशा नोंदीत कोणतीही कड उरत नाही; मोजणार काय?

२४/ उपाय दोन. पहिला : पट्ट्याच्या शेकडो बारीक पट्ट्या करायच्या, प्रत्येकीचा उशीर हिशेबाने काढून ती तितकी मागे सरकवायची आणि मग बेरीज करायची. दुसरा अधिक मूलगामी : ताकद न नोंदवता विद्युतदाबाची लहरच जशीच्या तशी नोंदवायची आणि इलेक्ट्रॉनांनी तिच्यात केलेला फेरफार गणिताने उलटा फिरवायचा. टिमोथी हॅन्किन्स यांनी ही पद्धत १९७० च्या दशकात रूढ केली.

२५/ तिचे सामर्थ्य २००३ मध्ये जगाने पाहिले. हॅन्किन्स आणि सहकाऱ्यांनी खेकडा तेजोमेघातील पल्सारचे स्पंद केवळ २ नॅनोसेकंद रुंदीचे असल्याचे दाखवले. बेल-ह्यूइश यांचाच गज लावला तर २ नॅनोसेकंद म्हणजे ६० सेंटिमीटर. हजारो प्रकाशवर्षे दूर, दोन हातांत मावेल एवढ्या जागेतून निघालेली ठिणगी!

२६/ इतिहासाच्या अभ्यासकाला यातील भेद चटकन उमगेल. केवळ ताकदीची सरासरी साठवणे म्हणजे बखर : घटना उरते, पण लिहिणाऱ्याने आधीच केलेली निवडही उरते. मूळ लहर साठवणे म्हणजे अस्सल पत्र जपणे. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली, ती याच आग्रहाने. मूळ कागद हाती असेल तर पुढची पिढी त्याला नवे प्रश्न विचारू शकते.

२७/ जीएमआरटीवर प्रारंभी हे गणित खास बनवलेल्या विद्युत मंडलांत होत असे. मंडल वेगवान, पण एकदा घडवले की त्याचे काम ठरलेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या रचनेत ते काम ४८ संगणकांच्या लिनक्स समूहाकडे आले. बाजारात मिळणारे सुटे भाग, ३३ मेगाहर्ट्झचा पट्टा आणि ३२ अँटेनांची सोय. प्रत्येक अँटेनाचे दोन संकेत धरले तर सेकंदाला ४०० कोटींहून अधिक नमुने, तेही त्या क्षणीच हिशेबात घ्यायचे.

२८/ त्यापूर्वीच या दुर्बिणीने नाव कमावले होते. एनजीसी १८५१ या तारकागुच्छात तिने ४.९९ मिलिसेकंदांचा एक पल्सार शोधला, तो २००४ मध्ये जाहीर झाला. अत्यंत लंबवर्तुळाकार कक्षेत तो आपल्या जोडीदाराभोवती १८.८ दिवसांत फिरतो. पुढे दुर्बिणीचे नूतनीकरण झाले आणि एका वेळी ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा टिपता येऊ लागला.

२९/ आता ठिणग्यांकडे वळू. विजेच्या तारेवर सैल जोडातून ठिणगी उडते, तेव्हा तीही एक विद्युत स्पंदच पाठवते. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची शिखरे सेकंदाला १०० वेळा येतात. म्हणून ठिणग्यांचे स्पंदही दर १० मिलिसेकंदांनी, घड्याळासारखे येऊ शकतात. अरुंद, नियमित, बलवान : पल्सारचे सोंग घ्यायला आणखी काय हवे?

३०/ सोंग उघडे पाडते ती पुन्हा स्पंदाची मांडणीच. तारा दूरचा असेल, तर त्याचा स्पंद जास्त वारंवारतेला आधी आणि कमी वारंवारतेला नंतर येतो. ठिणगी जवळची, तिने इलेक्ट्रॉनांचे अरण्य ओलांडलेले नसते. ती सर्व वारंवारतांना एकाच क्षणी येते. शिवाय ती काही तबकड्यांना ठळक ऐकू येते, दूरच्यांना नाही.

३१/ अशा ठिणग्या गाळताना सरासरी फसवते. दहा आकड्यांत एक अवाढव्य असला की सरासरी त्याच्याकडे ओढली जाते. म्हणून आकडे क्रमाने लावून मधला आकडा, म्हणजे मध्यक, घेतात. त्यापासून फार दूर असलेले नमुने बाजूला काढले जातात. खोडदला ही गाळणी संकेत येत असतानाच चालवली जाते.

३२/ पण गाळणीला मर्यादा आहेत. काढून टाकलेला क्षण गेला तो गेला. ठिणग्या वारंवार येऊ लागल्या तर काढता काढता हाती काहीच उरत नाही. आणि ठिणगी इतकी बलवान असेल की पहिलाच विद्युतवर्धक चोंदून जाईल, तर मूळ लहर मोडूनच संगणकात येते. फाटलेल्या कागदावरचे अक्षर कोणतेही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

३३/ विजेवर धावणाऱ्या आगगाडीच्या छतावरील दांडा वरच्या तारेला घासत जातो, तिथे ठिणग्या उडतात. पुणे–नाशिक अतिवेगवान रेल्वेचा सुमारे २३५ किलोमीटरचा प्रस्तावित मार्ग नारायणगाव परिसरातून, म्हणजे दुर्बिणीच्या कुशीतून जाणार होता. दुर्बिणीच्या बाजूने आक्षेप आला. २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी जीएमआरटीचे कारण देत थेट मार्गाऐवजी अहिल्यानगर-शिर्डीकडून जाण्याचा पर्याय मांडला.

३४/ इथे दुसरी बाजू हलकी लेखता येणार नाही. १८६० च्या दशकात लोहमार्ग थळ घाटाने इगतपुरी-नाशिकला गेला आणि जुन्नरचा प्राचीन व्यापारमार्ग बाजूला पडला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या तालुक्यांत आजही रेल्वे स्थानक नाही. टोमॅटो, कांदा, द्राक्षे पिकवणाऱ्या या पट्ट्याने दीडशे वर्षे रेल्वेची वाट पाहिली. मार्ग बदलाला तिथून तीव्र विरोध झाला, तो या इतिहासामुळेच.

३५/ मग दुर्बिणीच्या पारड्यात काय आहे? २९ जून २०२३ रोजी जगभरातील संशोधकगटांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले. त्यांत जीएमआरटीची निरीक्षणे वापरणारा भारतीय गट युरोपीय गटासोबत होता. या लहरी अवकाश ताणतात, त्यामुळे पल्सारांचे स्पंद अपेक्षित वेळेच्या किंचित आधी वा नंतर येतात. तो फरक सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही लहान असू शकतो.

३६/ स्पंद नेमका केव्हा आला हे किती अचूक सांगता येईल, याचा ढोबळ नियम असा : स्पंदाची रुंदी भागिले गोंगाटाच्या तुलनेत त्याची ठळकता. रुंदी दुप्पट झाली की वेळेतील चूक दुप्पट. गोंगाट दुप्पट झाला तरी तेच. म्हणून खोडदला कोणी गोंगाटाविषयी तक्रार करतो, तेव्हा ती शांततेची हौस नसते. मोजपट्टीवरच्या खुणा पुसल्या जाऊ नयेत म्हणून केलेली ती विनवणी असते.

३७/ आणि खोडदची तबकडी दुसरीकडे हलवता येत नाही. ३० अँटेना, त्यांना जोडणाऱ्या तारा, २५ किलोमीटरवर पसरलेली मांडणी : हे सारे त्या भूमीत रुजले आहे. गाडीला मात्र वळसा घेता येतो. पण तो वळसा मंचरच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येतो, हेही तितकेच खरे. ज्ञानाची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न संगणक सोडवत नाही.

३८/ दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, ही दुर्बीण सर्वांसाठी खुली होते. आसपासच्या शाळांतील मुले आपले प्रयोग घेऊन येतात, ४५ मीटरच्या जाळीखाली उभी राहून वर पाहतात. रेल्वे मागणाऱ्या गावांतील मुलेही त्यांत असतात. दुर्बीण आणि रेल्वे, दोन्हींचे वारस तेच आहेत.

३९/ नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने मुद्रा ठोकली, तरी खालची जुनी अक्षरे पुरती पुसली गेली नाहीत. म्हणूनच आज दोघांचाही इतिहास वाचता येतो. पल्सारच्या स्पंदावर ठिणगीचा ठसा एका मर्यादेपलीकडे बसला, तर खालचे अक्षर मात्र कायमचे जाते. नाशिकची रेल्वे कोणत्या वाटेने यावी हे ठरवताना ही मर्यादा आकड्यांत मोजली गेली, मोजमाप लोकांसमोर उघडपणे मांडले गेले, आणि जुन्नर-संगमनेरच्या वाट्याला दुसरी कोणती सोय येईल हेही सांगितले गेले, तर दोन्ही बाजूंना न्याय मिळेल.

(थ्रेड समाप्त)